खिळ्यावरचे दोरे

जठारपेठेच्या चौकातून आत वळलं की डाव्या हाताला चंद्रभान सोनाराचं दुकान लागतं, आणि त्याच्या भिंतीला टेकून वच्छलाबाईंचं फुलांचं. दुकान कसलं, ओटाच तो. वर पत्रा, समोर पाण्याच्या तीन बादल्या. एकीत झेंडू, एकीत शेवंती, एकीत निशिगंधाच्या काड्या. पत्र्याला आधार दिलेल्या सागाच्या खांबात एक खिळा ठोकलेला आहे आणि त्या खिळ्याला दोऱ्यांचा झुबका लोंबत असतो. पांढरे, मळके, हात-दीड हात लांबीचे सुती दोरे. नवं गिऱ्हाईक समजतं, हाराचे उरलेले तुकडे असतील. तसं नाही. त्यातला एकेक दोरा म्हणजे कुणाच्या तरी बोटातून सुटलेली एकेक अंगठी.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वच्छलाबाई तो झुबका उतरवून मोर्णा नदीत सोडतात आणि खिळा पुन्हा रिकामा होतो. देवाच्या हारात तो दोरा कधी जात नाही. ज्यानं एकाला सोडवलं त्याला पुन्हा बांधायच्या कामाला जुंपू नये, असं त्यांचं मत. ते त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

वच्छलाबाई मूळच्या भातकुलीकडच्या. खाऱ्या पाण्याचा मुलूख. विहिरीत पाणी दिसायचं, पण झाडाला घातलं तर झाड मान टाकायचं. वडील पावसाच्या ओलीवर वांगी-मिरची काढायचे आणि डोक्यावरून बाजारला न्यायचे. त्या घरात फूल फक्त देवापुढं दिसायचं. अठराव्या वर्षी त्या अकोल्याला नवऱ्याच्या, सहदेवच्या घरी आल्या तेव्हा पहाटे दाराशी झेंडूची पोती उतरलेली पाहून त्यांना वाटलं होतं, आज घरात मोठं काही कार्य असणार. कार्य रोजचंच होतं. सासू हार गुंफायची, सहदेव सायकलवर पोचवायचा. महिन्याभरात वच्छलाबाईंची बोटं त्यात अशी बसली की सासू म्हणायची, "हिले फुलाईनंच धाडलं माह्याकडे."

सासूची एक सोन्याची अंगठी होती. कणीक मळताना ती काढून कोनाड्यात ठेवायची. एके दिवशी सासू नळावर गेली आणि नव्या सुनेला अवदसा आठवली. घालून पाहिली. शिरताना शिरली, निघताना सांध्याशी अडली. तेल लावलं, साबण लावला, ओढून ओढून बोट वांग्यासारखं झालं. रडायला वेळ नव्हता. समोर गुलाबाचा गुच्छ बांधायचा दोरा पडला होता. गुच्छाचे देठ ओल्या दोऱ्यानं आवळले की अर्धे होतात, हे रोजचं पाहण्यातलं. मग बोट का होणार नाही? त्यांनी दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून आत सरकवलं आणि उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडं, वेढ्याला वेढा लावून, सांध्यावरून घट्ट गुंडाळला. मग आतलं टोक धरून वेढे उलगडू लागल्या. एकेक वेढा सुटला तशी अंगठी एकेक पाऊल पुढं आली आणि शेवटी टपकन कणकेच्या परातीत पडली. सासू घागर घेऊन आत आली तेव्हा सून पोळ्या लाटत होती.

ही गोष्ट त्यांनी आठ वर्षं कुणाला सांगितली नाही. मग लग्नाचा हार न्यायला आलेल्या एका माणसाचं अंगठी अडकलेलं बोट त्यांनी पाहिलं आणि हात आपोआप दोऱ्याकडं गेला. तिथून ते पसरलं. पुढं पुढं दवाखान्यातल्या सिस्टरही म्हणू लागल्या, कापायच्या आधी एकदा जठारपेठेत जाऊन या. त्याचे पैसे वच्छलाबाईंनी कधी घेतले नाहीत, पण अंगठी सुटल्यावर माणसाच्या तोंडावर जे उमटतं ते मान वर करून पाहिल्याशिवाय कधी सोडलंही नाही. सव्वीस वर्षांत एकही अंगठी त्यांच्या हातून राहिली नव्हती, आणि हे त्या स्वतःच सांगायच्या. चारचौघांत, मोठ्यानं.

त्यांची सून वर्षाली अमरावतीची. शुभमशी लग्न होऊन तीन वर्षं झाली. फोनवरच्या ऑर्डरी ती घेते. तिच्याजवळ एक इंग्रजी शब्द आहे, स्टक. फोन स्टक होतो, गाडी पुलावर स्टक होते, टेम्पो अमरावतीहून निघत नाही तर माल स्टक होतो, आणि बोटात अंगठीही स्टकच होते.

"काय वं, एकाच शबदात सारं कोंबून राह्यली," वच्छलाबाई तिला म्हणायच्या. "गाडी गाऱ्यात गेली त फसते. केस बटनात गेले त गुतते. अंगठी सांध्याशी थांबली त अटकली म्हनाव, अन् वरून मास चढलं त रुतली. अटकली ते दोऱ्यानं निघते. रुतली ते निघत नाई, थे सोनारानं कापाव. आता स्टक म्हटल्यावर मी काय समजू, दोरा घेऊ का सोनार बोलावू?"

"स्टक म्हटलं त माणूस ओळखते, आई. तुमी पाह्यता ना मंग, कोनतं थे."

पाहावं लागायचं खरंच. वच्छलाबाई बोट हातात घेत, नख दाबून सोडत, पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होतं का ते बघत. नाही झालं तर दोऱ्याला हातही न लावता माणसाला दवाखान्यात पिटाळत. आणि दोरा बादलीत बुडवण्याआधी एक प्रश्न विचारत. "काढाची का?"

लोक हसायचे. काढायचीच नसती तर आलो कशाला? चंद्रभान पलीकडून म्हणायचा, "वच्छलामाय उद्या उपाशी माणसाले ईचारन, जेवाचं का?" पण त्या विचारायच्याच, आणि ज्याचं बोट त्यानं स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हटल्याशिवाय दोरा ओला करायच्या नाहीत.

हा प्रश्न पहिल्यापासून नव्हता. तो अकरा वर्षांपूर्वी आला.

सहदेव गेला त्याच्या दहाव्याला भावकीतल्या बाया जमल्या. बांगड्या झाल्या, मणी झाले, मग पायाकडं आल्या. वच्छलाबाईंची जोडवी लग्नातली, बंद घडणीची, तोंड नसलेली, आणि बोटं आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. एकीनं ओढून पाहिलं, दुसरीनं पाहिलं. मग त्यातली कुणीतरी अगदी सहज बोलली, "तुले त येतेच. तूच काढ." आणि कुणीतरी दोऱ्याची रीळ पुढं सरकवली. वच्छलाबाईंनी काढली. चार बोटं, चार दोरे. सवयीचे हात, जराही कचरले नाहीत. बाया म्हणाल्या, झालं बाई सुटलं. मागाहून त्यांना रडू आलं ते जोडव्यांसाठी नव्हतं. जोडवी जायची तर जायची, ती रीत होती. पण साऱ्या जगाच्या अंगठ्या काढणाऱ्या बाईला, तुझी काढायची का, असं एकानंही विचारलं नाही, हे त्यांना पुष्कळ दिवस टोचत राहिलं. ते चार दोरे त्यांनी खिळ्याला लावले नाहीत. कुंकवाचा करंडा तसाही रिकामा झाला होता, त्यात ठेवले.

तर यंदा पोळा आठ दिवसांवर आला होता तेव्हाची ही गोष्ट. दुपारची वेळ, आभाळ भरलेलं, पाऊस नाही, नुसता उकाडा. वर्षाली हार पोचवायला गेली होती. एक पांढरी गाडी चौकात थांबली आणि तिघं उतरली. पुढं साठीतला एक गृहस्थ, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. मागं पदर घट्ट ओढलेली एक बाई. तिच्या मागं पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, हात उघडे, कपाळ उघडं, चपलांचे पट्टे न लावता पाय ओढत चालणारी.

वच्छलाबाईंना सांगायची गरज पडली नाही. तरी गृहस्थांनी सांगितलं.

"आमी हिवरखेडचे. मी पंजाबराव. हा माह्या पुतण्याचा, मनोजचा, सारा परकार. कावीळ झाली, पोटात गेली, पोरगं गेलं. आज बारावा दिस. ही त्याची घरवाली, रागिणी. अन् ह्या दुर्गाबाई, त्याची माय."

"बसा," वच्छलाबाई म्हणाल्या आणि गोणपाट झटकून पुढं टाकलं.

"दहाव्याले सारं निघालं, जोडवे तेवढे निघून नाई राह्यले. तेल झालं, साबन झाला, बायाईनं वढून पाह्यलं. उद्या तेरवी. भावकी ईचारते, जोडवे काहून तसेच? म्हटलं दवाखान्यात कापून घेऊ, त आमच्या गावचा मास्तर म्हणे, जठारपेठेत एक बाई हाय, तिच्या हातून आजलोक एकही राह्यली नाई."

"नाई राह्यली," वच्छलाबाई म्हणाल्या. एवढं म्हणताना अशाही वेळी त्यांची मान किंचित वर झाली.

रागिणीनं पाय पुढं केले. पाय सुजलेले होते. बारा दिवस जमिनीवर बसून होतातच. बोटांवरची कातडी ओढाओढीनं लाल झाली होती. पण वच्छलाबाईंनी नख दाबून सोडलं तर रंग लगेच परतला. चारही बोटांना तसंच. जोडवं धरून किंचित फिरवलं, ते फिरलं. जुनी, जड, बंद घडणीची जोडवी. सांध्याशी थांबलेली, बस. रुतलेली नव्हती. चार दोरे, पाच मिनिटं. त्यांच्या बोटांनी तर मनातल्या मनात वेढे घालायलाही सुरुवात केली होती.

मग त्यांनी विचारलं, "काढाचे का?"

"काढाचेच हायेत," पंजाबराव म्हणाले. "त्यासाठीच अडीच घंटे गाडीत बसून आलो ना."

"तुमाले नाई ईचारलं, दादा. बोट तुमचं हाय का?"

पलीकडे चंद्रभान सोनार खाकरला. हसू लपवताना तो तसा खाकरतो.

रागिणीची मान खालीच होती. पण वच्छलाबाईंच्या तळहातावर टेकलेल्या पायाची बोटं मिटली. हळूच, गोगलगाय आत जाते तशी. बोटांशी आयुष्य काढलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. तरी मिटलेल्या बोटावरून त्यांना ठरवायचं नव्हतं. 'हो' जसं तोंडानं ऐकायचं, तसं 'नाही'ही तोंडानंच ऐकायचं होतं.

"दादा, सूज हाय. बरफ लागन. चौकात ज्यूसवाला हाय, त्याच्याकडून बारीक फोडून आना. मोठा खडा नका आनू, चालत नाई."

पंजाबराव उठले. कामाचा माणूस होता, कामासाठी उठवलं की उठणारा. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "बोल वं बाई. मी तुले ईचारून राह्यली."

रागिणीनं सासूकडं पाहिलं. दुर्गाबाई झेंडूच्या बादलीत बघत होत्या.

"मी अठीच अकोल्यात लॅबमधी हाय, मावशी," रागिणी म्हणाली. आवाज रडून बसलेला, पण बोलणं सरळ. "सकाळी सहाले लोकाईच्या घरी जातो, रक्त घ्याले. आमी दोघं खोली करून होतो रामदासपेठेत. आता तेरवी झाली का मले एकटीले परत याचं हाय. काम सोडून कसं चालन?"

"मंग?"

"नवं घर राह्यते रोजच. दाराशी चप्पल काढा लागते. चप्पल काढली का माणसाची नजर पायावर जाते. जोडवे दिसले का मंग तो सरळ बोलते. नाई दिसले का दहा गोष्टी ईचारते. माह्यासंगच्या एका पोरीचं मी पाह्यलं हाय." ती थांबली. "मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, मी काही म्हटलं का? हे राहू द्या म्हणतो. पण मले कोणी ईचारलंच नाई, त सांगू कोणाले?"

वच्छलाबाईंच्या हातातला दोरा हातातच राहिला. चौकातून एक रिक्षा गेली. दुर्गाबाईंनी बादलीतून एक झेंडू उचलला, त्याची वाळकी पाकळी काढली आणि फूल परत ठेवलं. त्या काय म्हणतील याची वाट दोघीही पाहत होत्या. 'नाही, काढायचीच' म्हणाल्या असत्या तर वच्छलाबाईंना ते ऐकावं लागलं असतं, की नसतं, कोण जाणे.

दुर्गाबाई रस्त्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी बरफ घेऊन येऊन राह्यले."

वच्छलाबाईंनी दोरा बादलीत बुडवला.

पुढचं सारं त्यांनी पंजाबरावांच्या डोळ्यांदेखत केलं. बर्फ फडक्यात बांधून बोटांना लावला. पाय फळीवर उंच ठेवायला लावला. दोरा पिळला, गजऱ्याची सुई घेतली, आणि अंगठ्याशेजारच्या बोटावर वेढ्याला वेढा लावून अगदी नेटका दोरा गुंडाळला. इतका नेटका की पंजाबराव वाकून पाहू लागले. फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. दोऱ्याचं टोक जोडव्याखालून आत सरकवलं नाही. ते वरच ठेवलं, आपल्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून. अशा दोऱ्यानं बोट दिवसभर गुंडाळा, जोडवं तिळभर हलायचं नाही. मग त्यांनी उलगडलं. दोरा सगळा सुटून हातात आला आणि जोडवं होतं तिथंच राहिलं.

दुसऱ्या बोटाला केलं. तिसऱ्याला, चौथ्याला. घाम आला त्यांना. तो मात्र खरा होता. सव्वीस वर्षांत वेढा चुकीचा घालायची वेळ आली नव्हती, आणि बोटं आपल्या सवयीनं टोक आत सरकवायला धावत होती. त्यांना दर वेळी अडवावं लागत होतं.

शेवटी त्यांनी चार दोरे मांडीवर ठेवले. "नाई निघत, दादा. रुतली."

"म्हणजे?"

"मास चढलं. दोऱ्याचं काम नाई हे."

पंजाबराव उठून उभे राहिले. दुपट्टा खांद्यावर नीट केला. ते वाईट माणूस नव्हते. उद्या दारात सारी भावकी बसणार होती आणि उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. पण आवाज चढला तो चढलाच.

"बाई, मंग नाव कशाचं एवढं? सारा गाव सांगे, वच्छलाबाईच्या हातून एकही रायत नाई. आमी तेरवीचं काम टाकून आलो. अशी उमेद लावाची कशाले लोकाईले?"

समोरचा पानवाला बघू लागला. गिरणीतली दोन माणसं बाहेर आली. वच्छलाबाईंच्या डोक्यावर खिळा होता, खिळ्याला झुबका होता, आणि उठून पाच मिनिटांत या माणसाचं तोंड बंद करता येईल हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी मांडीवरच्या दोऱ्यांकडं पाहिलं.

"उमर झाली, दादा," त्या म्हणाल्या. "पहिल्यासारखा हात नाई राह्यला."

हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं तेव्हा पलीकडचा चंद्रभान हातातला चिमटा खाली ठेवून ओट्याच्या कडेला आला. पंजाबरावांनी त्यालाच धरलं. "सोनारदादा, तुमी कापा. चांदी जाईन त जाऊ द्या."

चंद्रभानचा आणि वच्छलाबाईंचा शेजार तीस वर्षांचा. त्याच्याकडं अंगठी कापायची बारीक कात्री आहे. तिची जीभ अंगठीखाली घालायची आणि चकती फिरवायची. तो उकिडवा बसला. रागिणीचा पाय पाहिला. बोटानं जोडवं जरा हलवलं. ते हललं. वच्छलाबाईंच्या मांडीवरचे चार दोरे पाहिले. त्यांना गुंडाळल्याची मोड पडली होती, पण जोडव्याखालून निघालेल्या दोऱ्याला जो चपटेपणा येतो, चांदीचा जो करडा डाग लागतो, तो एकालाही नव्हता. असे दोरे त्यानं रोज पाहिले होते. त्यानं वच्छलाबाईंकडं पाहिलं. त्या बादलीतल्या पाण्यावर तरंगणारी पाकळी वेचत होत्या.

"माही कात्री नाई जात," चंद्रभान उठत म्हणाला. "सूज हाय. जबरदस्ती केली त चांदी कापाच्या आधी बोट कापन. सूज उतरू द्या, मंग पाहू. नख पाहा, चांगलं हाय. जोडव्यानं काही जीव नाई जात तिचा."

"अन् उद्या लोकाईले काय सांगू मी?" पंजाबरावांनी विचारलं.

आतापर्यंत बादलीशी उभ्या असलेल्या दुर्गाबाई वळल्या. पदर कपाळावर ओढला. "तुमी नका सांगू, भाऊजी. मी सांगन. वच्छलाबाईच्यानं झालं नाई, सोनाराच्यानं झालं नाई, त आमच्यानं कुठून होते? पोराची माय सांगते म्हटल्यावर कोण वर तोंड करते, थे पाह्यतो मी."

पंजाबराव वळले. गाडीकडं गेले आणि दार उघडून उभे राहिले.

दुर्गाबाई मात्र थांबल्या. "उद्याले एक हार पायजे, बाई. मनोजच्या फोटोले. निशिगंधाचा द्या, त्याले वास आवडे."

हार तिथल्या तिथं गुंफायला वच्छलाबाईंनी दोरा शोधला. रीळ आत होती. मांडीवर चार दोरे होते. त्यांनी कुणाला सोडवलेलं नव्हतं, म्हणून हाराला ते चालत होते. गाठीला गाठ मारून त्यांनी ते चारही जोडले आणि निशिगंध ओवला. रागिणी शेजारी बसून काड्यांवरची फुलं खुडून देत होती. हार पानात गुंडाळून दिला. गाडी गेली.

गाडी वळल्यावर चंद्रभान भिंतीपलीकडून म्हणाला, "वच्छलामाय, दोरा वरच्या वर काहून गुंडाळला?"

"डोये कमी झाले माहे."

"हो, कमी झाले ना. माह्या कात्रीचीबी धार गेली आज."

गोष्ट एवढ्यावर मिटली असती, पण जठारपेठ ती जठारपेठ. संध्याकाळपर्यंत पानवाल्यानं ती दहा जणांना सांगितली. वच्छलाबाईचा हात गेला. आठवड्यानं दवाखान्यातल्या सिस्टरनं एका माणसाला सांगितलं म्हणे, आधी सोनाराकडं जाऊन पाहा, बाईचं आता वय झालं. वर्षालीच्या कानावर आलं तेव्हा तिला राहवलं नाही.

"आई, लोकं म्हणतेत तुमच्याकडून एक स्टक राह्यली."

"राह्यली."

"तुमच्याकडून? खरंच रुतली होती का?"

वच्छलाबाई हार गुंफत होत्या. सुनेला सांगावंसं त्यांना वाटलं, फार वाटलं. आपल्या हाताला नाव ठेवलेलं त्यांनी कधी सहन केलं नव्हतं. पण एका कानाला सांगितलेलं जठारपेठेत किती कानांना जातं हे त्यांना माहीत होतं, आणि हिवरखेडचे लोक बाजारहाटाला अकोल्यालाच येतात.

"रुतलीच होती," त्या म्हणाल्या. "तू फोन पाह्य, वाजून राह्यला."

पोळा झाला, गणपती आले, गेले. फुलांचं काम मान मोडेपर्यंत होतं, पण खिळ्यावरचा झुबका त्या महिन्यात वाढला नाही. दोन-तीन माणसं आली तेवढीच. एकानं तर बोट पुढं करण्याआधी विचारलं, "जमन ना तुमाले?" वच्छलाबाईंनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, तो हो म्हणाला, आणि दीड मिनिटात अंगठी त्याच्या हातावर ठेवली. त्याच्या तोंडाकडं मान वर करून बघायचं त्या दिवशी राहून गेलं.

दसऱ्याच्या सकाळी ओट्यापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूचे ढीग लागले होते. शुभम तोलत होता, वर्षाली पैसे घेत होती, वच्छलाबाई तोरणं बांधत होत्या. गर्दीतून एक हात पुढं आला.

"मावशी, अर्धा किलो झेंडू अन् दोन तोरणं. लॅबमधी मशीनाईची पूजा हाय."

रागिणी होती. खांद्याला नमुन्यांची निळी पिशवी. चेहरा उतरलेला, पण डोळे स्वच्छ. वच्छलाबाईंनी वाकून खाली पाहिलं. चपलांचे पट्टे लावलेले होते. पाय सडपातळ झाले होते आणि जोडवी बोटांत सैल बसली होती.

"सूज उतरली वाटते."

"उतरली. महिना झाला."

"आता त तुह्या हातानंही निघतीन. दोराही नाई लागाचा."

"हो. आंघोळीले एखांद्या वेळेस आपोआपच सरकतेत," रागिणी म्हणाली.

"घरचे काही म्हणतेत?"

"तवा संग आले थे मोठे बाबा म्हणे, सूज उतरली असन त काढून टाक. आईनं म्हटलं, नाई उतरली." ती जराशी हसली. तिथं नसलेल्या दुर्गाबाईंना वच्छलाबाईंनी मनातल्या मनात जागेवरूनच हात जोडले.

शुभमनं झेंडू तोलून पिशवीत घातला. वच्छलाबाईंनी ढिगातून आणखी एक ओंजळ घेऊन वर टाकली आणि तोरण घडी करता करता, मागच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, विचारलं, "काढाचे का?"

रागिणीनं पिशवी घेतली. खाली आपल्या पायांकडं पाहिलं, एखादी वस्तू तपासावी तसं.

"सध्या नाई, मावशी," ती म्हणाली. "पुढचं मले नाई माहीत. काढाचे असन त तुमच्याकडेच येईन."

"ये. अन् एकटी ये."

ती गर्दीतून वाट काढत गेली. अकराला पूजा होती, घाईत होती. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, आपट्याची पानं आहेत का, आणि वच्छलाबाईंनी नवा दोरा घेण्यासाठी रिळीकडं हात केला.